नववी पायरी

विंको पेरकोव्हने आयुष्यात दोनशे अकरा जिने बांधले आणि त्यांतला एकही कुठे जात नव्हता. वर पोचलं की हातभर फळकूट, फळकुटाच्या टोकाला दिव्याचा खांब, आणि मागच्या बाजूने उतरायला रंगाऱ्याची साधी शिडी. पुढून मात्र संगमरवर, सोनेरी कठडा, लाल गालिचा. हॉलिवूडमध्ये लोक पुढूनच बघतात, त्यामुळे तक्रार कधी आली नाही.

चाळीसच्या दशकात मोठ्या स्टुडिओंत जिन्याला फार मागणी होती. त्या काळच्या सिनेमांत बाईला दुःख झालं की ती जिन्यावरून उतरायची आणि सुख झालं की चढायची. गरीब बायकांच्या दुःखाला फारसा वाव नव्हता, कारण त्यांची घरं एकमजली. उतरताना बाईची मान ताठ, नजर समोर, आणि अंगावर तीस पौंडांचा मखमली झगा असे. पायाखाली बघायचं नाही, हा नियम. आता एखादी बाई बावीस पायऱ्या खाली न बघता उतरते, तर ते श्रेय तिचं नसतं. पायरीची उंची पाच इंच, खोली चौदा इंच, आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत केसाचाही फरक नाही. पाय दोन पायऱ्यांत हिशेब शिकतो; पुढे डोकं मोकळं राहतं, त्यात संवाद ठेवता येतात. हे सगळं विंकोच्या हातात होतं. त्याचा बाप सॅन पीड्रोच्या बंदरात मासेमारीच्या होड्या बांधायचा. होडीत केसाचा फरक पडला तर पाणी आत येतं, एवढं एकच तत्त्वज्ञान बापाने मागे ठेवलं होतं.

त्याच्या जिन्याची कुणी कधी स्तुती केली नाही. जिन्याचं नाव निघालं म्हणजे कुणीतरी पडलं, असं समजायचं.

पुढे मोठ्या स्टुडिओने आपली जमीन बंगले बांधणाऱ्यांना विकली आणि विंको टीव्हीवर आला. इथे मार्गी टॅल्बट नावाची एक लांबोडक्या चेहऱ्याची, रबरी अंगाची बाई दर आठवड्याला तासाभराचा विनोदी कार्यक्रम करायची. त्यातली शेवटची पंधरा मिनिटं जुन्या सिनेमांच्या नकलेला राखून ठेवलेली असत. ज्या सिनेमांनी तीस वर्षांपूर्वी अख्ख्या देशाला रडवलं होतं, तेच आता साबणाच्या आणि कुत्र्याच्या खाण्याच्या जाहिरातींमध्ये बसवून लोकांना हसवायचे. विंकोला त्यात वावगं वाटलं नाही. नक्कल झाली तरी जिना लागतोच, हे त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. पूर्वी त्याला सहा आठवडे मिळत, आता तीन दिवस मिळायचे, एवढाच फरक.

वावगं वाटलं ते त्याच्या बायकोला.

पेरिना सॅन पीड्रोच्या मासळी-कारखान्यात एकवीस वर्षं सार्डिन डब्यांत भरत होती. गुडघे गेल्यावर घरी बसली, पण आवाज कारखान्यातलाच राहिला. यंत्रांच्या वरताण बोलायची सवय लागलेली बाई ती. देवाखालोखाल तिची भक्ती लिओनोरा व्हेनवर होती. लिओनोरा व्हेन म्हणजे ‘आयव्ही हिलची विधवा’ या १९४१ सालच्या सिनेमाची नायिका. तो सिनेमा पेरिनाने थिएटरात चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा एकाच ठिकाणी रडली होती. विधवा रात्रीच्या मेजवानीसाठी खाली उतरतेय, खाली तिचा प्रियकर दुसरीच्या हातात हात घालून उभा आहे. आठ पायऱ्या ती राणीसारखी उतरते. नवव्या पायरीवर तिची नजर त्याच्यावर पडते, तिचा पाय चुकतो, हात कठड्याला लागतो, ती सावरते आणि हसत पुढे येते. त्या अडखळण्यावर तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. एका टीकाकाराने तर ‘एका पावलात मावलेलं वैधव्य’ असं म्हटलं होतं. ते कात्रण पेरिनाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात अजून होतं.

तो जिना विंकोचाच. म्हणून ती त्याला थोडाफार मान द्यायची.

१९७३ सालच्या मार्चमध्ये, विंको निवृत्त व्हायला एक आठवडा उरला असताना, मार्गी टॅल्बटच्या लेखकांनी नकलेसाठी नेमकी ‘आयव्ही हिलची विधवा’ निवडली. विंकोचा हा दोनशे अकरावा जिना, आणि शेवटचा. सोमवारी त्याने घरी भीतभीतच सांगितलं.

“म्हणजे माझ्या लिओनोराची टवाळी करणार,” पेरिना म्हणाली.

“टवाळी नाही गं. नक्कल.”

“सहा वर्षं तू मला तिकिटं आणून देतोस, आणि सहा वर्षं मी ती टपालवाल्याला देते. या वेळी मी येणार. चर्चमधल्या सातही जणींना घेऊन येणार. पहिल्या रांगेत बसणार. आणि तुझ्या त्या घोडमुखीने काही वेडंवाकडं केलं ना, तर उठून बाहेर जाईन. आवाज करून जाईन.”

आवाजाबद्दल विंकोच्या मनात शंका नव्हती.

गुरुवारी सकाळी जिना सेटवर उभा राहिला. बावीस पायऱ्या, दोन तुकड्यांत. वरचा आठ पायऱ्यांचा, खालचा चौदांचा, कारण अख्खा जिना दारातून आत येत नाही. खालचा तुकडा नेहमी अर्धा इंच बुटका कापायचा आणि मग तळाशी देवदाराच्या चार पाचरी ठोकून वर उचलून बरोबरीत आणायचा, कारण कुठल्याही स्टुडिओची जमीन सपाट नसते. विंकोने पाचरी ठोकल्या, पातळी पाहिली, गालिचा अंथरला आणि वरून खाली डोळे मिटून उतरून दाखवलं. ही त्याची सही होती.

दुपारी तालीम झाली. गुरुवारच्या तालमीला प्रेक्षक नसतात. कॅमेरावाले आणि विजेवाले असतात. या मंडळींनी आयुष्यात सगळं पाहिलेलं असतं. ती हसली तर विनोद, नाही तर नुसता रद्दी कागद, असा तिथला कायदा. मार्गी काळा झगा घालून वरून निघाली. नवव्या पायरीवर ती अडखळली, कठड्यावर आपटली, गडगडली, पाय वर झाले. विजेवाल्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं.

पुन्हा. या वेळी ती जास्त जोरात पडली. शांतता जास्त पसरली.

“कट,” म्हणत दिग्दर्शक हॅल प्रूएट वरच्या खोलीतून खाली आला. प्रूएट हा पोटदुखीवरची पांढरी गोळी चघळतच बोलायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य खडूने लिहिल्यासारखं वाटे. “मार्गी, काय झालं?”

“पडता येत नाहीये,” मार्गी खालच्या पायरीवर बसून म्हणाली. “हा जिना नाही, गादी आहे. पाय आपोआप जागेवर पडतो. मग मला मुद्दाम पडावं लागतं, आणि मुद्दाम पडणारी बाई म्हणजे दारुडी. हसू केव्हा येतं माहितीय? बाई मान ताठ ठेवून चाललीय आणि पाय तिला न विचारता फितूर होतो, तेव्हा.” मग तिने विंकोकडे पाहिलं. “वाईट वाटून घेऊ नका, विंको. इतका चांगला जिना मी जन्मात पाहिला नाही. तीच तर अडचण आहे.”

विंकोच्या जिन्याची ही पहिली जाहीर स्तुती.

“पायरीला साबण लावा,” प्रूएट म्हणाला.

“साबण अंघोळीला लावतात,” विंको म्हणाला.

“मग एक पायरी मोडकी करा.”

“मोडकी पायरी दिसते. दिसली की माणूस सांभाळतो.”

“विंको, मला सुतारकामाचा वर्ग नकोय. उद्या दुपारी बारा वाजता ही पोरं,” त्याने विजेवाल्यांकडे बोट दाखवलं, “हसली नाहीत, तर नक्कल रद्द. त्या जागी छत्र्यावाल्या मुलींचं गाणं. गाणं तयार आहे. आणि गाण्याला जिना लागत नाही.”

गाणं म्हणजे पहिल्या रांगेत आठ बायका, त्यांतली एक पेरिना, आणि समोर सहा मुली छत्र्या फिरवतायत. शेवटचा जिना मागे भिंतीला टेकवून ठेवलेला. विंकोने कल्पना करून पाहिली आणि टोपी डोक्यावर घालून घरी गेला.

जेवायला भाजलेल्या सार्डिन होत्या, आणि बटाटे घालून शिजवलेली पालेभाजी, वर ऑलिव्हचं तेल. पेरिनाच्या केसांना कुरळे करायच्या गुंडाळ्या लावलेल्या. उद्याची तयारी.

“मी सातही जणींना बजावून ठेवलंय,” ती काटे काढत म्हणाली. “मी हसल्याशिवाय कुणी हसायचं नाही. आणि मी काही हसणार नाही. तू का जेवत नाहीस?”

“पेरिना, समजा तो भागच झाला नाही तर?”

“का नाही होणार?”

“जिना नीट जमला नाही.”

पेरिनाने काटा खाली ठेवला. “तुझा? जिना? नीट जमला नाही?” ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघणार होती, पण हाताला तेल होतं. “एकेचाळीस साली ज्याने तो जिना बांधला त्याला आज हे जमत नाही? आठ पायऱ्या ती कशी उतरते, आठव! लोण्यावरून सुरी. आणि मग नववी. तिथेच तिचं काळीज…”

पुढचं विंकोला पाठ होतं. पण आज तो ‘नववी’ या शब्दावर थांबला. सार्डिन तोंडापाशी तशीच राहिली.

कारण नवव्या पायरीबद्दल जगात एका माणसाला जे माहीत होतं, ते पेरिनाला माहीत नव्हतं. तो माणूस विंको. दुसऱ्या कुणाला ठाऊक असलंच तर लिओनोरा व्हेनला, आणि ती वारली होती.

एकेचाळीस सालच्या त्या सकाळी विंको जिन्याचे तुकडे जोडत होता. चार पाचरी हातात घेऊन खाली वाकणार, एवढ्यात स्टुडिओच्या फोनवर निरोप आला: बायकोला दवाखान्यात नेलंय. तो तसाच पळाला. दुपारी मुलगी झाली. नर्सने त्याच्या हातात ती दिली, आणि रुमाल काढायला त्याने खिशात हात घातला तर रुमालाऐवजी चार पाचरी निघाल्या. संध्याकाळी धावत स्टुडिओत आला तेव्हा चित्रीकरण उरकलं होतं. खालचा तुकडा अर्धा इंच खाली बसलेला. गालिच्याखाली कुणाला दिसला नाही, पायाला दिसला. आठ पायऱ्या पाच-पाच इंचांच्या, नववी साडेपाच. लिओनोरा बाई तिथे अडखळल्या, सावरल्या, पुढे गेल्या, आणि दिग्दर्शक खुर्चीतून उठून रडला म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच्याजवळून जाताना थांबल्या. “नववी पायरी तुमची का?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो, बाई.” नोकरी गेली असं समजून त्याने टोपी काढली.

“तशीच राहू द्या. कुणाला सांगू नका,” असं म्हणून त्या गेल्या.

त्याने कुणाला सांगितलं नाही. बत्तीस वर्षं ती वर्तमानपत्रांतली स्तुती त्याला बोचत राहिली. लोकांना तिथे वैधव्य दिसायचं, त्याला अर्धा इंच दिसायचा. आणि पेरिनाला तर सांगणं शक्यच नव्हतं. चार वेळा रडलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

“सार्डिन थंड झाली,” पेरिना म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सातला विंको सेटवर हजर होता. त्याने गालिचा मागे गुंडाळला, कठड्याचे बोल्ट दुप्पट घट्ट केले, स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं, खाली जाड रबराचा थर घातला. मग हातोडा घेतला आणि जिन्याच्या तळाशी झोपला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो एखादी गोष्ट बिघडवायला आला होता, आणि हात ऐकत नव्हता. पहिली पाचर काढताना त्याने डोळे मिटले. चौथी निघाली तेव्हा वरचं लाकूड एक सुस्कारा सोडल्यासारखं खाली बसलं. अर्धा इंच. त्याने फूटपट्टी लावून खात्री केली. चूकसुद्धा नेमकीच हवी.

बारा वाजता मार्गी झगा घालून आली.

“मिस टॅल्बट, जिन्यात एक पायरी फितूर केलीय. कठडा मजबूत आहे, तुमच्यासारख्या चौघी लटकल्या तरी हलणार नाही. कुठली पायरी ते सांगू?”

“खबरदार सांगाल तर,” मार्गी म्हणाली आणि पदर सावरावा तसा झग्याचा घोळ उचलून वर गेली.

ती निघाली. मान ताठ. सात, आठ. नववीला पायाखालची जमीन अर्धा इंच उशिरा आली. तेवढ्या क्षणात तिच्या चेहऱ्यावरून अभिमान, संशय, आणि आपल्याच पायाबद्दलचा संताप असे तीन भाव एकामागून एक गेले. हात कठड्याला लागला, झग्याने एक गिरकी घेतली आणि तिचा डावा पाय कठड्याच्या दोन दांड्यांमधून बाहेर येऊन अडकला. पण मान ताठच. “गुड इव्हिनिंग, एडवर्ड,” ती खालच्या प्रियकराला गोड आवाजात म्हणाली, आणि पाय सोडवायला दुसरा हात मागे नेला, जणू पाठ खाजवतेय.

एका विजेवाल्याच्या नाकातून कॉफी आली. प्रूएटने गोळी गिळली, चघळलीच नाही.

“विंको, काय केलंत?” मार्गीने तसंच अडकलेलं राहून विचारलं.

“चार पाचरी काढल्या.”

“उद्यापासून मी नाटकं बंद करून पाचरीच काढत फिरते,” ती म्हणाली. “आता नववी कळली मला, पण पायाला सांगून उपयोग नाही, नाही का?”

“आठ पायऱ्या विश्वास बसलेला असतो. पाय कुणाचं ऐकत नाही.”

संध्याकाळी प्रेक्षक आले. पहिल्या रांगेत आठ बायका, आठींच्याही मांडीवर पर्सा. विंको सेटच्या मागे उभा होता. तिथून त्याला जिन्याची पाठ दिसत होती आणि पेरिना दिसत नव्हती. ऐकूही येत नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या संसारात नवीन होती.

नक्कल सुरू झाली. विधवेच्या दासीने पडदे झटकले तर इतकी धूळ उडाली की अर्धा सेट दिसेनासा झाला. थिएटर हसलं. पहिली रांग नाही. एडवर्ड आला, त्याची खोटी मिशी बोलताना वर-खाली होत होती. पहिली रांग दगडासारखी. विंकोने टोपी काढून हातात पिळली. पेरिना उठून गेली तर खुर्चीचा आवाज येईल, म्हणून तो खुर्चीचा आवाज ऐकत राहिला.

मार्गी वर उभी राहिली. निघाली. एक. दोन. तिचा तो लांबोडका चेहरा आता नकलेचा वाटत नव्हता. लिओनोरा व्हेनसारखीच हनुवटी, तीच चाल. विंको मागून फळ्यांवरची पावलं मोजत होता. सात. आठ.

आणि नवव्या पायरीवर पाऊल पडायच्या अर्धा क्षण आधी, अख्खं थिएटर गप्प असताना, पहिल्या रांगेतून एक हसू फुटलं. कारखान्यातलं, एकवीस वर्षं यंत्रांवर मात केलेलं, रहाट सुटल्यासारखं. आठवीपर्यंत मोजत आलेल्या बाईलाच ते आधी फुटू शकत होतं. मग पाऊल पडलं, मार्गीचा पाय फितूर झाला, आणि बाकीच्या सातजणींनी परवानगी मिळाल्यासारखा एकदम गलका केला. त्यामागोमाग तीनशे माणसं. मार्गी कठड्यात पाय अडकवून उभी होती आणि वाक्य बोलायला तिला जागाच मिळेना. एडवर्डची मिशी गळून पडली. ते ठरलेलं नव्हतं. प्रूएटने कॅमेरे चालूच ठेवले.

विंको मागे एका लाकडी पेटीवर बसला.

कार्यक्रम संपल्यावर पेरिना सेटवर आली. डोळ्यांचं काजळ गालांवर उतरलेलं. “मला जिना बघायचाय,” ती म्हणाली. गुडघ्यांची पर्वा न करता ती कठडा धरून वर चढली, वर जाऊन वळली, आणि मान ताठ करून, पायाखाली न बघता उतरू लागली. सातजणी खालून बघत होत्या. मार्गी टॉवेलने तोंड पुसत उभी होती.

नवव्या पायरीला पेरिनाचा पाय चुकला. कठडा धरून ती थांबली. खाली पायरीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

“विंको. हे तू मुद्दाम केलंस.”

“हो.”

“आणि तेव्हा?”

विंकोने टोपीकडे पाहिलं. “तेव्हा मुद्दाम नव्हतं.”

पेरिना खाली बसली, तिथेच, नवव्या पायरीवर. “सांग.”

त्याने सांगितलं. निरोप, दवाखाना, खिसा, चार पाचरी. सांगताना तो तिच्याकडे न बघता कठड्याकडे बघत होता. “म्हणजे तुझं ते वैधव्य,” शेवटी तो म्हणाला, “अर्ध्या इंचाचं होतं. माफ कर.”

“चार वेळा!” पेरिना म्हणाली. आवाज चढत गेला. “चार वेळा तिकीट काढलं मी! चार रुमाल भिजवले! ते कात्रण मी मेरीमातेच्या चित्राशेजारी ठेवलंय, मूर्खा! आणि ते सगळं तुझ्या विसराळूपणावर?”

“झोर्का झाली ना त्या दिवशी…”

“म्हणजे आता दोष माझा! मी बाळंत झाले म्हणून!” आणि ते म्हणताना तिला हसू आवरेना. पोट धरून ती पायरीवर मागे कलली. “अगं बाई गं, त्या टीकाकाराचं काय झालं असेल! एका पावलात मावलेलं… बाळंतपण!”

मार्गी टॅल्बट टॉवेल तोंडात कोंबून जमिनीवर बसली. पुढची तीन वर्षं ती ते वाक्य वापरू का म्हणून विचारत राहिली. पेरिनाने परवानगी दिली नाही.

विंको ठरल्याप्रमाणे निवृत्त झाला. जिना तोडून त्याची लाकडं वखारीत गेली. त्याने फक्त त्या चार पाचरी मागून घेतल्या. तंबाखूच्या डब्यात जुन्या चार आधीपासूनच होत्या.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी टीव्हीवर ‘आयव्ही हिलची विधवा’ लागला. पेरिनाने सातहीजणींना बोलावलं, आलुबुखाऱ्याची दारू आणि सुके अंजीर पुढे ठेवले, आणि आठवी पायरी येताच सगळ्यांना गप्प केलं. “आता बघा. माझ्या नवऱ्याची पायरी.” लिओनोरा व्हेन अडखळली. कठड्याला हात लागला. ती हसली आणि पुढे गेली.

पेरिना रडली. पाचव्यांदा.

“आता का?” विंकोने विचारलं. “आता तर माहितीय तुला.”

“तू गप्प बस,” ती नाक पुसत म्हणाली. “तुला फक्त लाकूड कळतं.”

बाकीच्यांनीही डोळे पुसले. मग त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर मिसेस स्टिपानोव्ह यांनी अंजीर संपवला आणि विंकोला सांगितलं, की त्यांच्या घरामागच्या पायऱ्या कुजल्या आहेत, आता रिकामा आहेस तर येऊन नव्या करून दे. फक्त सगळ्या सारख्या उंचीच्या, असं त्यांनी दोनदा बजावलं.